रंग टिकत नाही, की मीच टिकत नाही?

पत्राचा सारांश: नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या ४४ वर्षांच्या मैत्रिणीचं हे पत्र आहे. नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून वगळलं आहे. गेल्या वर्षी त्यांनी नैसर्गिक रंगांची दोन दिवसांची कार्यशाळा केली. तिथे रंग देखणे आले. मग घरी बीट, हळद आणि जास्वंद वापरून त्यांनी तीन ओढण्या रंगवल्या. बीटची पहिल्याच धुण्यात मळकट झाली, हळदीची साबण लागताच लालसर डागाळली आणि वाळत घातल्यावर फिकी पडली, जास्वंदीची तर राखाडी होऊन बसली. दुधाचं पातेलं रंगाला वापरलं म्हणून सासूबाई नाराज आहेत. नवरा म्हणतो, "वारली झालं, क्विलिंग झालं, मॅक्रमे झालं, आता हे." दुसरीकडे वन्संनी त्यांच्या मुलाच्या मुंजीत द्यायला २१ स्टोल रंगवून मागितले आहेत. एखादा महागडा कोर्स करावा, निळीचा तयार संच मागवावा, की हे सगळं बंद करावं, असा त्यांचा प्रश्न आहे. "रंग टिकत नाही, की मीच कशात टिकत नाही, हेच कळेनासं झालंय," असं त्या लिहितात. पत्राच्या शेवटी एक ओळ जाता जाता आली आहे: लेकीच्या कुर्त्यांवर कर्नाटकी कशिदा मात्र शाळेत असल्यापासून करते, "पण ते काही नवीन नाही."

उत्तर:

नमस्कार.

तुमच्याबद्दल बोलण्याआधी बीटबद्दल बोलू या, कारण बीटने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा तुम्ही स्वतःला देताय असं पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं.

बीटचा रंग कापडावर टिकत नाही. कोणाच्याच हातून टिकत नाही. हाताला, पोळपाटाला, कोशिंबिरीतल्या दह्याला तो इतका झटकन लागतो की कापडालाही लागेल असं कुणालाही वाटेल. पण ते रंगद्रव्य सुताला धरून राहत नाही, उष्णतेने मोडतं आणि धुण्यात निघून जातं. जास्वंदीचंही थोड्याफार फरकाने तसंच. हळदीची गोष्ट वेगळी आहे. ती सुती कापडाला काहीही न लावता लगेच चढते, म्हणून नवशिक्यांना फार आवडते. पण तिचा रंग उन्हात झपाट्याने उडतो, आणि साबण किंवा सोडा लागला की लाल होतो. भाजीच्या रश्श्याचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तेच तुमच्या ओढणीवर झालं.

म्हणजे तुम्ही तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा अशी वस्तू निवडली जी टिकणारच नव्हती. यावरून तुमच्या चिकाटीबद्दल काय सिद्ध होतं? मला तर काहीच दिसत नाही. घरबसल्या रंगकाम शिकवणारे लोक बीट आणि जास्वंद सर्रास दाखवतात, कारण पातेल्यात ते सुंदर दिसतं. धुतल्यानंतरचं कापड कोणी दाखवत नाही.

आता कार्यशाळेबद्दल. तिथे तुमच्या हातात जे कापड आलं, ते बहुधा आधीच तयार करून ठेवलेलं असणार. दोन दिवसांत सगळ्यांना काहीतरी घरी न्यायला मिळावं म्हणून आयोजक हे करतात आणि त्यात गैर काही नाही. पण रंगकामाचं निम्म्याहून अधिक काम रंगाच्या भांड्याआधी झालेलं असतं आणि नेमकं तेच शिकणाऱ्याला दिसत नाही. घरी आल्यावर आपण बाजारातली ओढणी घेतो आणि थेट रंगात बुडवतो. तिला खळ असते, सुताचं नैसर्गिक मेण असतं, कधी तर ती पुरती सुती नसतेही. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि कडक मणी उरतो. तसा मणी उरला तर ते कापड बाजूला ठेवा. त्यावर हे रंग चढणार नाहीत.

कापड सुती निघालं तर आधी त्याला उकळायचं. १०० ग्रॅम कापडाला साधारण एक छोटा चमचा धुण्याचा सोडा (खायचा नव्हे), भरपूर पाणी, मंद आच, तासभर. पाणी पिवळट-तपकिरी झालेलं पाहिलं की पहिल्या ओढणीखाली काय दडलं होतं ते कळतं. कापड नीट उकळलं गेलं का हे बघायला वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच मुरला पाहिजे. वर थबकून राहिला तर पुन्हा उकळा.

यानंतर रंग सुताला धरून राहावा म्हणून हिरडा आणि तुरटी. रेशीम आणि लोकर तुरटी थेट धरतात. सूत धरत नाही, त्याला मध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य लागतं, आणि आपल्याकडे त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हिरडा वापरतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले आदिवासी बाळहिरडा गोळा करून विकतात ते आपण ऐकलेलं असतं. रंगाला मात्र पिकलेल्या हिरड्याच्या सालीची पूड चालते, ती काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. १०० ग्रॅम कापडाला १५ ते २० ग्रॅम पूड कोमट पाण्यात कालवायची, कापड त्यात दोनेक तास ठेवायचं, पिळायचं आणि न धुता सावलीत वाळवायचं. ते फिकट पिवळं होईल. मग १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात रात्रभर. आंध्रातल्या कलमकारीतही कापडाला आधी हिरडाच देतात, दुधात कालवून. रेषा काढताना रंग फुटू नये म्हणून दूध. तुम्हाला दुधाची गरज नाही.

इतकं सगळं वाचून दमायला होईल. म्हणूनच पुढचं सांगते, आणि या उत्तरातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हेच आहे.

तुम्ही तिन्ही वेळा थेट ओढणीवर गेलात.

कशिद्यात हे चालतं. तुम्ही धागे मोजून गवंतीचा टाका घालता, मुरगीचा घालता, मोजणी चुकली की उसवता आणि पुन्हा घालता. कापड जसंच्या तसं राहतं. इतकी वर्षं तुमच्या हाताला ही सवय आहे की चूक मागे घेता येते. रंगात उसवता येत नाही. एकदा भांड्यात गेलं ते गेलं. म्हणून ज्या कलेत चूक परत घेता येत नाही तिथे चूक लहान करून घ्यायची असते: अख्ख्या ओढणीऐवजी तळहाताएवढ्या तुकड्यावर. हे कोणी तुम्हाला सांगितलं नाही आणि तुमच्या आधीच्या कलेने ते शिकवण्याची गरजच कधी पडली नाही. पत्रातल्या "टिकत नाही"चं एवढंच कारण मला दिसतं.

मोठ्या कारागिरांचंही असंच असतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या लीक गावच्या थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याने भारतातल्या रंगवनस्पतींचा अभ्यास केला, तेव्हा त्याने कापडाचे हजारो छोटे नमुने रंगवून जाड खंडांत चिकटवले. ते आजही कोलकात्यात जपून ठेवलेले आहेत. धंद्याने रंगारी असलेला माणूससुद्धा तुकड्यांवरच शिकत होता.

तर पहिला प्रयोग असा करा. घरात जुनं पांढरं धोतर किंवा सुती पंचा असेल तर उत्तम, अनेकदा धुतल्यामुळे खळ निघून गेलेली असते. तरी एकदा उकळून घ्या. त्याचे सारख्या मापाचे चार तुकडे करा. एकाला काहीच लावू नका. एकाला फक्त हिरडा, एकाला फक्त तुरटी, एकाला दोन्ही. ओळखायला कडेला दोऱ्याच्या गाठी बांधा: एक गाठ, दोन, तीन, चार. शाई पुसली जाते, गाठ राहते. मग चारही तुकडे एकाच भांड्यात, एकाच वेळी, कांद्याच्या सालीच्या रंगात टाका.

कांद्याची सालं तुम्हाला मी काय सांगायची? लासलगाव तुमच्या जिल्ह्यात आहे. वाळलेली कोरडी सालं कापडाच्या निम्म्या ते तितक्याच वजनाची घ्यायची, पाऊण तास उकळायची, गाळायची, मग त्या पाण्यात ओले तुकडे घालून तासभर मंद आचेवर ठेवायचे आणि भांड्यातच रात्रभर थंड होऊ द्यायचे. सकाळी धुऊन सावलीत वाळवा आणि चौघं शेजारी ठेवून बघा. कार्यशाळेत जी पायरी तुम्हाला दिसली नव्हती, ती तुमच्यासमोर कापडावर दिसेल. कोणाच्या भाषणाची गरज पडणार नाही.

वही ठेवा. तुकड्याचा अर्धा भाग वहीत टाचा आणि शेजारी लिहा: कापड काय, वजन किती, हिरडा किती, तुरटी किती, पाणी नळाचं की बोअरचं, किती वेळ. पाण्याची नोंद विसरू नका. पाण्याने रंग बदलतो, इतका की कच्छमध्ये २००१च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं तेव्हा तिथल्या अजरख छापणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी दुसरीकडे जाऊन अजरखपूर हे नवं गाव वसवलं. आपल्याला गाव बदलायची गरज नाही, पण एकच तुकडा बोअरच्या आणि एकच पावसाच्या पाण्यात करून पाहायला काय हरकत आहे? मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणीही बदललं आणि तुरटीही, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही, आणि मग पुन्हा वाटायला लागेल की आपल्याला काही जमतच नाही.

वहीतल्या तुकड्याचा उरलेला अर्धा भाग परीक्षेला बसवा. त्याची एक पट्टी पुठ्ठ्याखाली अर्धी झाकून ऊन येणाऱ्या खिडकीत दोन आठवडे ठेवा. दुसरी पट्टी कोऱ्या पांढऱ्या चिंधीला टाके घालून रिठ्याच्या पाण्यात धुवा. झाकलेला आणि उघडा भाग सारखा राहिला, पांढऱ्या चिंधीला रंग लागला नाही, तर तो रंग तुमचा झाला. हळदीची पट्टीही मुद्दाम ठेवा. तिचं काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघितलं की ओढणीचं दुःख जरा कमी होईल.

कांद्यानंतर काय, असं विचाराल तर माझी आवड सांगते. कात घ्या, खैराचा. पानाला लावतात तोच, पण काष्ठौषधीच्या दुकानातून शुद्ध बघून. सुतावर तो तपकिरी रंग फार छान बसतो, धुण्याला पक्का असतो आणि त्यात स्वतःचंच टॅनिन असल्यामुळे नवशिक्याला सांभाळून घेतो. डाळिंबाची सालं आहेतच, बागलाणकडून तुमच्याकडे डाळिंबं येत असतील. दसऱ्याचं तोरण उतरवल्यावर झेंडूची फुलं वाळवून ठेवा, तुरटी लावलेल्या कापडावर चांगला पिवळा देतात. लाल हवा असेल तर मंजिष्ठा. तिला मात्र उकळी फुटू द्यायची नाही, पाण्यात बोट टेकवताच मागे घ्यावंसं वाटेल इतपतच गरम. जास्त तापली की लाल जाऊन विटकरी-तपकिरी येतो. आणि त्या तीन फसलेल्या ओढण्या टाकू नका. सुती असतील तर नीट उकळून, हिरडा देऊन, गंजाच्या पातळ पाण्यात क्षणभर बुडवल्या तर धुरकट करडा रंग येतो. तो दिसतो खानदानी, आणि त्याखाली बीटच काय, काहीही झाकलं जातं. गंजाचं पाणी म्हणजे जुने खिळे, गूळ आणि पाणी, काही दिवस मुरवलेलं. फार घेऊ नका, लोह जास्त झालं की सूत कुजतं.

आता सासूबाई. मी त्यांच्या बाजूने आहे. रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही, हा नियम त्यांनी केला नसता तर मी सांगितला असता. रंग वनस्पतीचा असला तरी तुरटी आहे, गंज आहे, आणि पुढेमागे चुना येईल. भंगारवाल्याकडून किंवा जुन्या बाजारातून एक मोठं स्टीलचं पातेलं, एक पळी, एक गाळणं घ्या, त्यावर तैलरंगाची ठळक खूण करा आणि ते स्वयंपाकघराबाहेर ठेवा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, रंग बिघडतो. शक्य असेल तर गॅलरीत वेगळी शेगडी. पूड चाळताना तोंडावर कापड, हातात रबरी मोजे. हे सगळं करून दुधाचं पातेलं घासून परत द्या आणि सांगा की तुमचं बरोबर होतं. त्यांच्या रागाचं मूळ छंदात नसून पातेल्यात असावं असा माझा अंदाज आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. तुमच्या भागात द्राक्षबागांमुळे मोरचूद अनेक घरांत असतं, बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी. रंगकामाच्या जुन्या कृतींमध्ये तुरटीऐवजी मोरचूद वापरायला सांगितलेलं आढळेल. क्रोमचे क्षारही सांगितलेले असतात. दोन्ही घरात वापरू नका. विषारी आहेत, आणि उरलेलं पाणी ओतायचं कुठे हा प्रश्न सुटत नाही. तुरटीने भागतं. हिरव्या छटेसाठी जीव टांगणीला लावण्याचं कारण नाही.

यजमानांच्या वाक्याकडे येते. "वारली झालं, क्विलिंग झालं, मॅक्रमे झालं." हे त्यांनी म्हटलं हे तुम्हाला लागलं, कारण तुम्ही स्वतःही तसंच मोजता. मला या मोजण्याबद्दल शंका आहे. क्विलिंगच्या पट्ट्या वळून पाहिल्या आणि आवडलं नाही म्हणून ठेवून दिलं, तर ते अर्धवट सोडणं आहे का? नवीन काम आवडेल की नाही हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि नाही आवडलं हे कळणं म्हणजे ते काम पुरं झालंच. त्यातलं एखादं खरोखर आवडत होतं आणि तरीही सुटलं असेल, तर ते कशाने सुटलं ते आठवून बघा. लेकीची शाळा, घरातलं आजारपण, ऑफिसची मार्चअखेर? अशा वेळी सुटलेलं काम पुन्हा हातात घेता येतं, त्याला मुदत नसते. आणि या यादीत तुम्ही कशिदा धरलाच नाही. शाळेपासून आजपर्यंत चाललेली एक कला हातात असताना "मी कशातच टिकत नाही" हे वाक्य लिहिलंत कसं? नवीन असेल तेच मोजायचं आणि टिकलेलं मोजायचंच नाही, असा हिशोब असेल तर कोणीही नापासच होणार.

म्हणून माझी सूचना अशी की कापड रंगवण्याचा नाद काही महिने बाजूला ठेवा आणि कशिद्याचा दोरा रंगवा.

सुताची पांढरी लडी घ्या, न रंगवलेली. १०-१० ग्रॅमच्या छोट्या लड्या करा, प्रत्येकीला तीन-चार ठिकाणी इंग्रजी आठच्या आकारात सैल दोरा बांधा, घट्ट बांधलंत तर तिथे रंग पोचणार नाही. हिरडा-तुरटी सगळ्यांना एकदम द्या. मग एकाच कांद्याच्या भांड्यातून एक लडी दहा मिनिटांनी काढा, एक अर्ध्या तासाने, एक सकाळी, आणि एक काढून गंजाच्या पाण्यातून फिरवा. एका संध्याकाळच्या कामातून फिक्या सोनेरीपासून गडद शेवाळी रंगापर्यंत एकमेकांशी मिळणाऱ्या छटा मिळतात. त्या बाजारात अशा एकत्र मिळत नाहीत. लडी फसली तर नुकसान १० ग्रॅमचं. जमली तर तिचा उपयोग काय करायचा हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? भरायला घेण्याआधी ओल्या पांढऱ्या कपड्याने दोरा घासून बघा, रंग लागला तर अजून धुवा. कशिद्यात उलट बाजूला गाठ मारत नाहीत, त्यामुळे कच्चा रंग सुटला तर लपवायलाही जागा नसते.

हे इतर वाचकांनाही लागू आहे. क्रोशा येणाऱ्याला विणकाम शिकायचं असेल, मातीकाम करणाऱ्याला झिलई करून बघायची असेल, तर नवीन गोष्ट आधीपासून येणाऱ्या गोष्टीला खेटून सुरू करा. डोळा तयार असतो, चूक लवकर कळते आणि जे बनतं ते कपाटात पडून राहत नाही.

वन्संचे २१ स्टोल घेऊ नका.

यात तुमच्या क्षमतेचा प्रश्न नाही, पाण्याचा आहे. एक स्टोल १००-१२५ ग्रॅमचा धरला तरी सगळे मिळून दोन-अडीच किलो कापड होतं, आणि ते मोकळेपणाने हलायला वजनाच्या वीसपट, म्हणजे ४० ते ५० लिटर पाणी लागतं. एवढं पातेलं, एवढी आच, ओलं झाल्यावर एवढं कापड उचलणं हे घरच्या गॅलरीतलं काम नव्हे. घाण्याघाण्याने केलं तर प्रत्येक घाण्याचा रंग वेगळा येतो. नैसर्गिक रंगात ते शोभतंही, पण मुंजीत पाहुण्या एकमेकींचे स्टोल शेजारी धरून बघणारच, आणि तुमच्या मुंजीच्या आठवणी त्या छटांच्या फरकातच अडकून राहतील. शिवाय मुहूर्त ठरलेला असतो. हात अजून शिकत असताना तारीख दुसऱ्याने ठरवलेली असणं वाईट. आणि छंद लागला की विकायला काढ, निदान आहेर म्हणून तरी वापर, असं घरचे प्रेमानेच म्हणतात, पण त्याला लगेच हो म्हणावं लागत नाही.

नाही म्हणताना "मला जमणार नाही" असं म्हणू नका, तसं म्हटलं की त्या आग्रह करतील. असं सांगून बघा: "वन्सं, मी अजून तुकड्यांवर शिकतेय. २१ सारखे मला करता येणार नाहीत, पण बटूच्या उपरण्याच्या काठाला माझ्या हाताने रंगवलेल्या दोऱ्याचा कशिदा करून देते." हे खरं आहे, करता येण्याजोगं आहे आणि त्यांनाही सांगायला अभिमानाचं आहे. तेवढाही वेळ नसेल तर तेही कबूल करू नका.

कोर्सबद्दल घाई नको. नमुन्यांची वही निम्मी भरली की मग कोर्स शोधा, कारण तेव्हा तुमच्याकडे स्वतःचे प्रश्न असतील. पैसे भरण्याआधी विचारा: कापड आम्ही स्वतः उकळणार की तयार देणार? मोजमाप वजनाने शिकवता की अंदाजाने? रंगवलेले नमुने उन्हाच्या परीक्षेला लावलेले दाखवाल का? सरळ उत्तरं देणाऱ्या माणसाकडे शिका, मग तो कोर्स एका दिवसाचा असला तरी चालेल.

राहिला निळीचा संच. तो आत्ता मागवू नका. नीळ हे सगळ्यांत मोहक काम आहे आणि बाकीच्या रंगांपेक्षा तिची रीत पूर्ण वेगळी आहे. ती पाण्यात विरघळतच नाही. चुन्यासारख्या अल्कलीत, भांड्यातला प्राणवायू काढून घेणाऱ्या एखाद्या पदार्थाबरोबर ती मुरवली की पिवळट-हिरवी होऊन विरघळते, कापडात शिरते आणि बाहेर हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होते. तिला हिरडा-तुरटी लागत नाही. फ्रान्सचे रंगतज्ज्ञ मिशेल गार्सिया यांनी रूढ केलेली एक सोपी कृती घरी वापरता येते: वजनाने एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळसाखर (फ्रुक्टोज). पण भांडं उबदार राहावं लागतं, म्हणून तुमच्याकडच्या थंडीपेक्षा मार्च-एप्रिल तिला बरा. चुना विरवलेलाच घ्या. कळीचा चुना पाण्यात टाकला की उसळतो आणि भाजतो, त्याला हात लावू नका. विरवलेल्या चुन्यालाही मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि लेक मदतीला आली तर तिलाही. दुकानात नुसतं "नीळ द्या" म्हणू नका, पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ हातात पडेल आणि तिने यातलं काहीच होणार नाही. खादीचं किंवा हातमागाचं काम करणाऱ्यांकडे वनस्पतीच्या निळीची पूड विचारा, सुरुवातीला ५० ग्रॅम पुरते. आणि पहिल्यांदा भांड्यात घालायची ती लडीच.